चित्रातलं मागचं दार

प्रिय वालबुर्गा,

पत्र बघून दचकू नकोस, तुझी थोरली बहीण अजून मेलेली नाही. मेले असते तर हे पत्र माझ्या फाइटनं लिहिलं असतं, आणि पोराचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

आमच्या शहराचं चित्र छापलं तेव्हा मी केवढी मिरवले होते, आठवतं? शेजारच्या शहराच्या चित्रात सात बुरूज, म्हणून आमच्या नगरसभेच्या थोरांना आपले नऊच्या नऊ हवे होते. फाइटनं ते लाकडावर कोरले. नाक त्याच्या वारलेल्या बापाचं घेतलं, तसा बापाचा हट्टही घेतला, खोटं काही कोरणार नाही. घरं, धुराडी, खिडकीत बसलेली जाडी मी, आणि तटाखालचं कातडी कमावणाऱ्यांचं मागचं दारसुद्धा. मी म्हटलं, अरे, आईची कंबर तरी खोटी कोर. चित्र सभागृहात टांगलं तेव्हा थोर लोक बोट ठेवून म्हणाले, बघा, आमचं बारकं दारही सुटलं नाही.

आता नदीपलीकडे ड्यूकची फौज येऊन बसलीय. शेजारची आग्नेस तिकडे दूध विकून आली. म्हणते, ओटिली, तुझ्या पोराचं चित्र सरदाराच्या तंबूत आहे गं, आणि त्याचं बोट त्याच दारावर.

नगरसभेनं दार विटांनी बुजवलं. भीती काही बुजली नाही. फाइटला दार कोरायला कोणी सांगितलं, शत्रूनं काय दिलं, असं चौकात बोलतात. कौतुक करणारेच बोलतात. काल सुतार त्याच चौकात दोन खांब रोवत होता, वर टाकायची आडवी तुळई शेजारी पडलेली. कशाला रे, विचारलं, तर माझ्याकडे बघेना. माझ्या लग्नात माझ्या पायावर पाय देत नाचलेला माणूस हा.

म्हणून फाइटला मिठाच्या गाडीतून तुझ्याकडे धाडतेय. त्याला वाटतंय, मावशीकडून पीठ घ्यायचं आणि परतायचं. पत्रात बायकांची दुखणी लिहिलीत म्हटलंय, म्हणजे मेला उघडणार नाही. त्याला परत पाठवू नकोस. आई मागून येतेय म्हणून सांग. मी येणार नाही. दोघं गेलो तर गाडीमागे घोडे सुटतील. त्यानं चित्रात मला जिथे बसवलंय, त्याच खिडकीत मी बसणार, आणि आत तोंड करून त्याच्या नावानं ओरडत राहणार, ऊठ रे आळशा, सूप गार झालं. रस्त्यावरच्यांना वाटू दे, पोरगा घरातच आहे.

तुझीच,
खिडकीतली ओटिली