चौऱ्याऐंशी शाकाहारी आणि ‘इतर’

३ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज किमान एक पान. मोठं काम करणाऱ्याची टिपणं नंतर लोक शोधत बसतात, तेव्हा ती असलेली बरी.
मोठं काम असं: आमच्या रविवारच्या खेळात पुढची मोहीम डायनासोरांच्या बेटावर. गेली नऊ वर्षं गेम मास्टर मीच. म्हणजे जग मी उभं करतो, राक्षस मी आणतो आणि बाकीचे तिघं (बायको, तिचा भाऊ आणि समोरच्या ग्रंथपालबाई) फासे टाकतात आणि मरतात. मांसाहारी अर्ध्या तासात संपले. खरं आव्हान शाकाहाऱ्यांचं. चौऱ्याऐंशी जाती निवडल्या आहेत. आधी गट पाडायचे, मग प्रत्येक गटाचं बळ, चिलखत, वेग. एक आठवडा पुरे. बायको म्हणाली, दोन घे. पिकतं तिथे विकत नाही.

५ मार्च
गट ठरले. शिंगवाले, चिलखतवाले, लांब मानेचे, चोचवाले, टणक डोक्याचे, इतर. ‘इतर’मध्ये फक्त दोन जाती. पंधरा वर्षं ऑफिसात तक्रारींचे अर्ज वर्गवार लावतोय, हात बसलाय. साहेब म्हणतात, तुमच्याकडे अर्ज लागतात छान, सुटत मात्र नाहीत. सुटणं माझ्याकडे नाही.

९ मार्च
मेहुणा आला होता. दातांचा डॉक्टर. जगाकडे तोंडातूनच बघतो. म्हणाला, शिंगं काय मोजता, दात बघा. काही चावून खायचे, काही नुसतं गिळायचे. मी म्हटलं, हा खेळ आहे, दवाखाना नाही. मग त्याने शेपटीला गोटा असलेला चिलखतवाला उचलला आणि विचारलं, हा मार खाणाऱ्यांत की मार देणाऱ्यांत? मुद्दा क्षुल्लक होता. तरी सावधगिरी म्हणून त्याला आणि त्याच्या भावकीला ‘इतर’मध्ये हलवलं.
इतर: अकरा.

१७ मार्च, रविवार
खेळ झाला नाही. त्याऐवजी मी प्रास्ताविक केलं. चाळीस मिनिटं, कार्डांसकट. ग्रंथपालबाईंनी शेवटी हात वर करून विचारलं, शिंगवाल्यांनाही चोच असते ना? असते. पण हे चारचौघांत विचारायची गरज नव्हती. आयुष्यभर पुस्तकांना नंबर घातलेली बाई, दुसऱ्याचं कपाट बघवत नाही.
इतर: एकतीस. बायकोने विचारलं, पुढच्या रविवारी नक्की ना? अर्थात नक्की.

२४ मार्च, सकाळी ११
घसा बसलाय. मास्टरचा घसा म्हणजे सगळं जग. खेळ रद्द.

२४ मार्च, संध्याकाळी ६
तरीही तिघं जमले. मेहुण्याने दवाखान्यातले प्लॅस्टिकचे डायनासोर आणले होते, वेटिंग रूममधल्या मुलांसाठी ठेवलेले. निम्म्यांच्या शेपट्या चावलेल्या. मी घोगऱ्या आवाजात सांगितलं की रंग चुकीचे आहेत. खरे रंग कोणते, असं त्याने विचारलं. घशामुळे उत्तर दिलं नाही.
मग तिघांनी मिळून ठरवलं: सात एप्रिलला खेळ झाला नाही, तर मास्टरच्या खुर्चीवर बायको बसेल. ती हसत म्हणाली. मीही हसलो. मला हसू आलेलं नव्हतं.
नऊ वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं नाही. ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही. रविवारी तीन ते सहा, तीन माणसं माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, पुढे काय झालं? ते गेलं तर मला आठवड्यात काही राहत नाही. इथे लिहायला हरकत नाही, इथे कुणी वाचत नाही.

२८ मार्च
जुने गट बाद. मुळातच बाळबोध होते. आता खाण्याच्या उंचीनुसार: जमिनीवरचं खाणारे, झुडपं खाणारे, शेंडे खाणारे. एकदम शास्त्रशुद्ध. बायकोने जाता जाता विचारलं, शेंडे खाणाऱ्याचं पिल्लू काय खातं? ती बस डेपोत फेऱ्यांचं वेळापत्रक लावते. अशा माणसांना तत्त्वातलं काही कळत नाही. पिल्लं ‘इतर’मध्ये टाकली. मग आयांना वेगळं ठेवणं बरं दिसेना.
इतर: अठ्ठावन्न.

१ एप्रिल
रोजनिशीत खंड पडला. विचार चालू होता.

५ एप्रिल, ऑफिसातून
साहेबांनी विचारलं, गेल्या महिन्याचे अर्ज कुठे आहेत? वर्गीकरण अंतिम टप्प्यात आहे, असं सांगितलं. टेबलाखाली हातात चोचवाल्याचं कार्ड होतं, म्हणजे खोटं काही बोललो नाही.
इतर: एकोणऐंशी. पण उरलेले पाच निर्विवाद.

७ एप्रिल, दुपारी २
तयार. चौऱ्याऐंशी कार्डं, सगळी लॅमिनेट केलेली. घसा उत्तम. आज यांना कळेल.

७ एप्रिल, संध्याकाळी ७
तिघं बेटावर उतरले. मी शिंगवाल्यांचा कळप आणला. शिंगांचं वर्णन दहा मिनिटं केलं, मेहुण्याने जांभईसुद्धा दिली नाही. मग बायकोने विचारलं, हे गवत खातात ना? हो. आम्हाला खाणार नाहीत? नाही. ती म्हणाली, मग आम्ही बाजूने जातो.
चिलखतवाले आणले. बाजूने. लांब मानेचे आणले. मेहुणा म्हणाला, खालून. ग्रंथपालबाई तर टणक डोक्याच्यांना नमस्कार करून पुढे गेल्या. वीस मिनिटांत बेट ओलांडून तिघं पलीकडच्या किनाऱ्यावर. एकही फासा पडला नाही.
घाईघाईत मांसाहाऱ्यांचा कागद काढला. त्यावर दोन ओळी होत्या: मोठे दात. लहान दात.
तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. पुढे काय झालं? मी म्हटलं, चहा ठेवतो. चहा घेऊन बाहेर आलो तर बायको खुर्चीत बसलेली होती. मी कप मोजून ठेवले आणि स्टुलावर बसलो.

१४ एप्रिल, रविवार
बायकोचा पहिला खेळ. तयारी म्हणजे ड्यूटीच्या कागदाची कोरी बाजू. शाकाहाऱ्यांचे गट दोन: रस्ता अडवणारे आणि रस्ता सोडणारे. मला हसू आवरेना.
पाचव्या मिनिटाला अरुंद खिंडीत कळप आडवा बसला आणि मागून ‘मोठे दात’ आले. ग्रंथपालबाई ओरडल्या. मेहुणा उभा राहून फासे टाकत होता. सगळी पात्रं आधीच वाटून झाली होती, म्हणून मला सामान वाहणारा लांब मानेचा प्राणी दिला होता. कोणत्या गटातला, असं मी विचारलं. बायको म्हणाली, इतर.
तीन तासांत मला दोनदा विचारलं गेलं: चालतोय का, आणि थांबलाय का. थांबलो होतो. मागचे दात खिंडीच्या तोंडाशी आले, कळप उठला, आणि तेवढ्यात बायकोने पाणी प्यायला ग्लास उचलला.
पुढे काय झालं, असं कुणीतरी जोरात विचारलं. तिघंही माझ्याकडे वळून बघायला लागले, तेव्हा कळलं की मीच विचारलं होतं.
बायको म्हणाली, तुझी पाळी अजून आली नाही, तोवर गवत खा.
खाल्लं.