पिसं काढणारी सुरी

३ ऑक्टोबर, सोमवार

झालं! बोलून बसलो! आता शब्द परत गिळता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुकादम आले होते. डोंगरातल्या पायवाटा नीट ठेवणारी जी टोळी आहे, तिचे मुकादम. सफरचंदांची एक पेटी न्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, टोळीत एक जागा रिकामी झालीय, कोणी येतंय का? सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. मी उभा राहिलो. का ते माहीत नाही. खुर्चीच टोचली म्हणायची.

"चालतोस किती?"

"सांगाल तितकं."

"सगळेच असं म्हणतात. रविवारी सकाळी पायथ्याच्या शेडवर ये, मग बघू. येताना स्वतःची सुरी आण. मिटणारी नको, पातं पक्कं पाहिजे. आणि महागाची आणू नकोस, दरीत पडली तर रडत बसशील. पिसं काढता येतात ना?"

"येतात की!"

कसली पिसं? विचारलंच नाही. तोंड आधी, डोकं मागून — नेहमीचंच.

पण जागा मला पाहिजे. पाहिजेच. दोन वर्षांत ही माझी चौथी नोकरी. या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्यांना लेबलं लावतो. जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय, तिच्या आत उभं राहायचं, आठ तास, दोन स्वेटर घालून. पाय बाहेर गेला की सुपरवायझर शिट्टी वाजवतो. माणसाला शिट्टी! टोळीचं तसं नाही. दर आठवड्याला नवी वाट, नवी झोपडी. एका जागी न थांबणं हेच जर काम असेल, तर माझ्याइतका लायक माणूस त्यांना शोधून सापडायचा नाही.

४ ऑक्टोबर

खोलीतल्या लंबूला विचारलं. लंबू आमच्याच इथे पेट्या उचलणारी गाडी चालवतो आणि जगातलं सगळं त्याला माहीत असतं.

"पिसं म्हणजे कोंबडीची. दुसरी कुठली असतात?"

"पण पायवाटेच्या कामाला कोंबडी कशाला?"

"अरे, वर डोंगरात हॉटेल आहे का? कोंबडी नेतात, मारतात, खातात. नव्या माणसाला सोलायला बसवतात. सरळ आहे."

सरळच आहे. मला कसं सुचलं नाही!

५ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून थेट खाटिकाच्या दुकानात. म्हटलं, मामा, मला पिसं काढायला शिकवा. फुकट काम करतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरी सगळं बरं आहे ना रे?"

उकळतं पाणी, कोंबडी बुडवायची, मोजून काढायची, मग हातानेच भराभर. सुरीचं काम शेवटी. जी बारीक खुंटं राहतात, ती पात्याच्या टोकाने उचलायची. मामा म्हणाले, त्याला पातळ पातं लागतं, वाकणारं.

तीन कोंबड्या केल्या. केसात पिसं, कानात पिसं. लंबूने दार उघडलं आणि परत लावून घेतलं.

७ ऑक्टोबर

आजपर्यंत अकरा! शेवटची तर मामांनी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "हात बसला तुझा." त्यांची जुनी सुरी त्यांनी मला स्वस्तात दिली. पातं करंगळीएवढं रुंद, वाकवलं तर धनुष्यासारखं वाकतं. पातं पक्कं आहे, मिटत नाही, महाग नाही. मुकादमांनी सांगितलेलं सगळं आहे.

रविवार, ये लवकर!

९ ऑक्टोबर, रविवार

लिहू की नको? लिहितोच. इथे कोण हसणार आहे.

शेडवर टोळीची सहा माणसं चहा पीत होती. मुकादमांनी माझ्या हातात एक लाकूड दिलं. हातभर लांब, मनगटाएवढं जाड. "हं, काढ पिसं."

मी लाकडाकडे बघितलं. लाकडाखाली बघितलं. मग विचारलं — हात्, का विचारलंस रे — "पण कोंबडी कुठंय?"

मग एकाच्या नाकातून चहा आला. एक जण खरंच जमिनीवर बसला. मुकादम हसले नाहीत. पण मिशी हलत होती.

लाकडाची पिसं! सुरीने लाकडाच्या पातळ पातळ साली काढत जायच्या, पण तोडायच्या नाहीत. टोकाला चिकटलेल्याच ठेवायच्या. एकावर एक अशा पन्नास-साठ झाल्या की लाकडाला पिसारा फुटल्यासारखा दिसतो. मग काडी लावली की भडकन पेटतं. पावसात भिजून वर पोहोचलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो, मुकादम म्हणाले. म्हणून टोळीत पहिली परीक्षा तीच. आणि ते शब्द असे वापरतात, जणू आईच्या पोटातून शिकून यायचे असतात!

मी प्रयत्न केला. मामांची सुरी लाकडात शिरली आणि वाकून माझ्याकडेच बघायला लागली.

"ही सुरी कोणी दिली?"

"खाटीकमामांनी."

"का?"

सांगितलं सगळं. अकरा कोंबड्या, उकळतं पाणी, कानातली पिसं. आता मात्र मुकादमही हसले, डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाले, "चुकीचंच शिकलास, पण चार दिवस जाऊन शिकलास. पुढच्या रविवारी ये. दुसरा एक जण पण येणार आहे. जागा एकच आहे, लक्षात ठेव. आणि सुरी नीट बघून घे."

मागून कोणीतरी ओरडलं, "कोंबड्या, अंडं देऊन जा!"

नाव पडलं. पडू दे. जागा अजून आहे!

१० ऑक्टोबर

अवजारांच्या दुकानात गेलो. दुकान एक मावशी चालवतात. कानामागे पेन्सिल, आणि गिऱ्हाईक म्हणजे जणू न बोलावता आलेला पाहुणा. काचेखाली पक्क्या पात्याच्या तीन सुऱ्या.

पहिली — काय सांगू! काळीकुळकुळीत, पाठीला करवतीचे दात, मुठीचं झाकण उघडलं की आत होकायंत्र, गळ आणि दोरा. बघूनच छाती फुगली. दुसरी लाकडी मुठीची, चामड्याचं म्यान, किंमत बघून मी हातच मागे घेतला. तिसरी प्लास्टिकच्या मुठीची, नारंगी. शाळेच्या डब्याचा रंग. पातं पण काही चमकत नाही.

म्हटलं, ती काळी दाखवा.

मावशी म्हणाल्या, "फोटो काढायचाय की काम करायचंय?"

१२ ऑक्टोबर, बुधवार

काळीवरून मन हटेना, म्हणून परत गेलो. आज मावशींनी जरा वेळ दिला. काळीची मूठ बोटाने वाजवली — टक टक, रिकाम्या डब्यासारखी.

"होकायंत्र ठेवायला मूठ पोकळ केलीय. मग पातं कशात धरलंय? हे एवढं, नखाएवढं टोक आत. लाकडावर ठेवून वरून ठोकलंस तर पातं एकीकडे, तू एकीकडे."

"आणि हे दात?"

"दात ठेवलेत म्हणून पाठ गेली. ठोकणार कुठे? दातांवर?"

मग नारंगी काढली. पातं मुठीत पार खालपर्यंत गेलंय, पाठ सपाट आणि जाड, लांबी चार बोटांहून थोडी जास्त. साधं पोलाद आहे, गंज पकडतं, ओली ठेवायची नाही. पण धार कुठल्याही दगडावर लागते.

"रंग असा का पण?"

"गवतात पडल्यावर कळेल."

मी म्हटलं, मावशी, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, "विचार म्हणजे काळीचाच ना?"

बाई मनातलं वाचते.

१३ ऑक्टोबर

नारंगी घेतली!

काळी शेवटचं एकदा हातात घेतली, होकायंत्र बघितलं. उत्तर दाखवत होतं दुकानाच्या मोरीकडे. दुकानाबाहेर जाऊन सूर्याकडे बघितलं. उत्तर दुसरीकडेच! परत आत आलो आणि नारंगीवर बोट ठेवलं. मावशींनी बांधून दिली. वर धार लावायला निसण्याचा एक तुकडा दिला. म्हणाल्या, "रविवारी काय झालं ते येऊन सांग." म्हणजे पाहुण्याला परत बोलावलंय!

१४ ऑक्टोबर

गोदामामागे मोडक्या फळ्या पडलेल्या असतात. सुपरवायझरला विचारून घेतल्या. सुरी जवळजवळ आडवी धरायची, हात सरळ ठेवायचा, जोर खांद्यातून लावायचा. घाई केली की साल तुटून खाली पडते. सगळी गंमत थांबण्यात आहे — टोकाच्या अलीकडे, केसभर अलीकडे, थांबायचं. आणि थांबणं मला कुठे येतं! पहिल्या सात फळ्यांच्या नुसत्या ढलप्या झाल्या.

आठव्या फळीवर एक साल राहिली. गोल वळलेली, चिकटलेली. तिच्याकडे किती वेळ बघत बसलो.

आईचा फोन आला. सांगितलं, सुरी घेतली.

"सुरी? कुणाशी वाकडं आलंय का तुझं?"

"नाही गं. पिसं काढायला."

"कसलं पिसं लागलंय तुला आता!"

मी इतका हसलो की फोन खाली पडला. आई तिकडून हॅलो हॅलो करतेय आणि मी इकडे फळीवर डोकं टेकून हसतोय. शेवटी सगळं सांगितलं. कोंबडीपर्यंत आल्यावर ती पण हसायला लागली. खूप दिवसांनी ऐकलं तिचं हसू. मग नेहमीचं म्हणाली, "तुझा पाय काही ठरत नाही रे. हे तरी टिकेल का?" म्हटलं, आई, यात टिकायचंच नसतं, सारखं फिरायचं असतं! ती म्हणाली, "बरं. अंगठा सांभाळ."

तोवर अंगठा कापलेला होता.

१५ ऑक्टोबर

काल सफरचंद कापून सुरी तशीच म्यानात सारली. सकाळी बघतो तर पात्यावर तांबडा डाग! निसण्यावर घासून घासून काढला, पुसली, तेलाचा हात फिरवला. लंबू म्हणाला, "इतकी काळजी तू स्वतःच्या दातांची घेत नाहीस."

खरं आहे.

उद्या.

१६ ऑक्टोबर, रविवार

रात्रभर पाऊस होता. शेडवर मुकादमांनी मुद्दाम बाहेर पडलेली, चिंब भिजलेली लाकडं दिली. मला एक, दुसऱ्याला एक. तीन तीन काड्या. चहाचं पाणी उकळायचं.

दुसरा म्हणजे गवंडी आहे, हात असे फळीसारखे. आणि त्याच्या कमरेला — काळी! करवतीच्या दातांची! मला एकदम त्याचं वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग परत वाईट.

मी लाकूड उभं धरलं, पातं वर ठेवलं, पाठीवर दांडक्याने ठोकलं. फाटलं! परत ठोकलं, परत फाटलं. आतलं लाकूड कोरडं, पिवळं. कोणी सांगितलं नव्हतं. मावशी ठोकण्याबद्दल बोलल्या होत्या, तेवढ्यावर. मग पिसं. सगळे बघत होते, पण मला आवाज येईना कोणाचा. टोकाच्या अलीकडे थांब. थांब. थांब.

पहिली काडी वाऱ्याने खाल्ली. दुसरी घाईत मोडली.

तेवढ्यात शेजारी कडाक्! गवंड्याच्या हातात मूठ राहिली, पातं लाकडात. होकायंत्र घरंगळत माझ्या पायाशी आलं. कोणी हसलं नाही. मी माझी सुरी पुसली आणि मूठ त्याच्याकडे करून दिली. विचार केला नाही. केला असता तर कदाचित दिली नसती.

मग तिसरी काडी. दोन्ही हातांच्या ओंजळीत, पोटाशी धरून. एक पीस पेटलं, मग शेजारचं, मग सगळा पिसाराच!

दोघांचंही पाणी उकळलं. माझं आधी. मुकादमांनी दोन्हीकडचा चहा प्यायला आणि गवंड्याला म्हणाले, "तू वसंतात ये, तेव्हा भिंती बांधायच्यात." मग माझ्याकडे वळले. "कोंबड्या, पुढच्या सोमवारी बूट घालून ये."

मी!! मी!!!

१७ ऑक्टोबर

राजीनामा दिला. पिवळ्या पट्टीबाहेर उडी मारली, दोन्ही पायांनी. सुपरवायझरने शिट्टी वाजवली आणि मग हात मिळवला. मावशींना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस, तुझ्या तोंडावर लिहिलंय." खाटीकमामा म्हणाले, कधी कमी पडलं तर इकडे हात बसलेलाच आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार. वरून.

पाय सोललेत. सुखी आहे.

३१ ऑक्टोबर

दुसरी वाट, दुसरी झोपडी. सुरी गवतात पडली, उभ्या उभ्या दिसली. मावशी!

काल तीन जण भिजून, निळे पडून दारात आले. वाट चुकलेले. बाप आणि दोन मुली. मी कोपऱ्यात बसून पिसं काढली. चूल पेटल्यावर धाकटी जवळ सरकली आणि एक न जळलेलं पीस उचलून केसात खोचलं. बाप माझ्या हातांकडे बघत राहिला. मी पण मग माझ्या हातांकडे बघितलं.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुकादमांनी विचारलं — थंडीचे चार महिने टोळी खाली उतरते. या झोपडीत एकाला राहावं लागतं, चूल पेटती ठेवायला, धूर दिसत राहील अशी. कुठे जायचं नाही, हलायचं नाही. कोण राहतो?

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एक हात वर गेला. बघतो तर माझाच.