शाळेतलं अडीच

प्रिय ताई,

फोन आदळायची तुझी सवय काही या जन्मात जायची नाही. रविवारी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू म्हणालीस, "मला त्या टिंबांचं काही सांगू नकोस, माझ्या डोक्यात शिरत नाहीत ती, तूच म्हणाला होतास," आणि दिलास ठेवून. अगं, दहा वर्षं झाली त्याला! मी बारा वर्षांचा होतो, मला धड नाक पुसता येत नव्हतं, आणि त्या पोराचं एक वाक्य तू पदराला गाठ मारून बसली आहेस. बाकी मी सांगितलेलं कधी काही ऐकलंस का? नळ दुरुस्त करून घे म्हटलं, नाही ऐकलंस. डोळे तपासून घे म्हटलं, नाही ऐकलंस. नेमकं हेच बरं ऐकलंस.

फोनवर आकडे दाखवता येत नाहीत आणि कागद तुला आदळता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

आईनं मला सगळं सांगितलं आहे. पडद्यांच्या दुकानातल्या बाईंनी तुला आपणहून बोलावलं. आता घरी बसून नगावर शिवायचं नाही, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड किती लागेल ते कागदावर मांडून द्यायचं, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. मधे फक्त एक लेखी परीक्षा, पुढच्या सोमवारी, दशांशांचे गुणाकार आणि भागाकार, म्हणजे तुझी ती टिंबं. आणि तू निरोप पाठवायला निघालीस की मला जमणार नाही! बारा वर्षं त्या मशिनवर बसली आहेस तू. खिडकीकडे मान वर करून बघतेस आणि कापड सांगतेस, आणि वीतभरसुद्धा वाया जात नाही. तुला जमणार नाही तर कुणाला, बाईंच्या नवऱ्याला?

ते भांडण मला पुरतं आठवतं. तू पाचवीनंतर शाळा सोडून आईबरोबर मशिनवर बसली होतीस आणि मी शाळेत जाऊन दिवे लावत होतो. संध्याकाळी कापडाचे तुकडे गोळा करता करता तू माझ्या वहीत डोकावलीस आणि म्हणालीस, दाखव की रे हे टिंबांचं. मी ऐटीत गणित मांडलं, २.५ गुणिले १.५. बेरजेत टिंबाखाली टिंब घेतात, तसंच इथेही घेतलं आणि उत्तर काढलं ३७.५. तू खो खो हसलीस. म्हणालीस, एका झग्याला अडीच मीटर कापड, आणि धाकटीच्या झग्याला त्याच्या निम्मं, मिळून पावणेचार लागतात, साडेसदतीस कुठले? एवढ्यात गल्लीतल्या पंधरा पोरींचे झगे होतील! मी भडकलो. हे पुस्तकातलं आहे, तुझ्या डोक्यात नाही शिरायचं, असं ओरडलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो आणि सांगितलं की सरांनी गणित बरोबर दिलं. तू मशिनमधला दोरा तोडलास. मग म्हणालीस, असेल बाबा, शाळेतलं अडीच वेगळं असेल. आणि त्यानंतर माझ्या वहीला हात लावला नाहीस.

आता माझ्याकडची बातमी. आईला आधी खुर्ची दे आणि मग वाचून दाखव: मी आठ महिने एकाच ठिकाणी टिकलो आहे. गोदाम झालं, गॅरेज झालं, ते साबणाचं दुकान झालं, कुठेच पाय ठरत नव्हता. पण हे काचेचं काम मला धरून ठेवतं. इथे काच करवतीनं कापत नाहीत. बारीक चाक लावलेल्या पेनानं एकच रेघ ओढायची, खालून हलकी टिचकी मारायची, आणि काच बरोबर त्या रेघेवर मोडते. भुगा नाही, काही नाही. पण रेघ चुकली तर काच परत जोडता येत नाही. कात्री चालवताना तू श्वास रोखतेस ना, तसा इथे सगळा कारखाना रोखतो.

आत्ताआत्तापर्यंत मी काचा फक्त उचलायचो, ट्रकमधून मांडणीत आणि मांडणीतून टेबलावर. महिन्यापूर्वी एका चपलांच्या दुकानाचं काम आलं, चोवीस काचेच्या फळ्या, प्रत्येक ०.३५ मीटर रुंद. आमची अख्खी काच २.८ मीटर लांब असते, आणि तिची रुंदी म्हणजेच फळीची लांबी, त्यामुळे आडव्या रेघा मारल्या की झालं. एका काचेतून किती फळ्या? हा हिशेब मालकांचा मेहुणा करतो. त्यानं कॅल्क्युलेटरवर ०.३५ च्या जागी ३.५ दाबलं. उत्तर आलं ०.८. मग चोवीसला त्या ०.८ नं भागलं, तीस आले. आणि मला चिठ्ठी मिळाली की तीस काचा येणार आहेत, जागा कर.

मी चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिलो आणि, ताई, मी तुझ्यासारखं तोंडानं मोजायला लागलो. फळी मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जराशी मोठी. म्हणजे मीटरभरात दोन बसून वर बरंच उरणार. अडीच मीटरमध्ये सात तरी, आणि ही काच तर अडीचच्याही वर. मी म्हटलं, साहेब, एवढ्या लांब काचेतून एक फळीसुद्धा पुरती निघत नाही म्हणता, मग चपला काय उभ्या टांगणार? मेहुणा म्हणाला, मशीन खोटं बोलतं का? तू किती शिकलास? सातवी नापास म्हटल्यावर दोघेतिघे फिदीफिदी हसले. पण आमचे मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ०.३५ मीटरची एक लाकडी पट्टी घेतली आणि काचेवर टोकाला टोक लावत गेले. आठव्या वेळी पट्टी बरोबर काचेच्या काठाशी टेकली. एका काचेत आठ फळ्या, चोवीस फळ्यांना तीन काचा. तीस नव्हे, तीन! मेहुण्यानं कॅल्क्युलेटर खिशात घातला आणि त्याला एकदम बाहेरचं काहीतरी काम आठवलं.

मिस्त्रींनी विचारलं, असं तोंडानं मोजायला कुठे शिकलास? मी म्हटलं, आमच्या ताईकडून, ती पाचवी शिकली आहे. सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं. आयुष्यात मी इतकी छाती काढून काही बोललो नसेन.

त्या दिवसापासून मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत मला शिकवायला लागले. फुटक्या काचेवर जाड पेनानं लिहायचं आणि फडक्यानं पुसायचं. ते आता तुझ्या खिडकीवर करून दाखवतो. खिडकी १.६ मीटर रुंद, चुण्या चांगल्या पडायला कापड अडीचपट, म्हणजे १.६ गुणिले २.५. टिंबं आहेत हे विसरून जायचं. सोळा पंचवीस चारशे. मग दोन्ही आकड्यांत टिंबाच्या उजवीकडे मिळून किती अंक आहेत ते मोजायचं. एक इथे, एक तिथे, दोन. उत्तरात उजवीकडून दोन अंक सोडून टिंब ठेवायचं, ४.००, म्हणजे चार मीटर. शून्यं पुसायची घाई करू नकोस, आधी टिंब ठेव आणि मग पूस, नाहीतर चार मीटरचं बोटभर कापड होऊन बसेल. आणि अंक कमी पडले तर डावीकडे शून्यं लाव. ०.३ गुणिले ०.०५, तीन पाचे पंधरा, अंक तीन हवेत, म्हणून ०.०१५.

भागाकारात मी कायम अडायचो, कारण भागलं की कमी व्हायला हवं असं मला वाटायचं. आपल्या घरात वाटून घेतलेलं काय कधी वाढलं आहे? पण पट्टी काचेवर टेकत जाताना बघितली आणि एकदम उमगलं, हे वाटणं नाहीच, हे बसवून बघणं आहे. लहान तुकडा मोठ्यात किती वेळा बसतो, एवढंच. तुकडा एकाहून लहान असेल तर खेपा जास्तच होणार. रीत अशी: ज्यानं भागायचं त्यातलं टिंब उजवीकडे सरकवून घालवून टाकायचं, आणि जितकी घरं इथे सरकवलीस तितकीच दुसऱ्या आकड्यातही. ०.३५ चे ३५ झाले, दोन घरं. मग २.८ चे २८०, एक शून्य पदरचं घालून. पस्तीस आठे दोनशे ऐंशी. मीटरचे सेंटिमीटर केले, बाकी काही नाही. एकाच बाजूला केलंस तर मात्र तू मालकांचा मेहुणा.

तुझ्या त्या चार मीटर रुंदीला कापडाचा पन्हा १.४ मीटर असेल, तर ४ भागिले १.४, म्हणजे ४० भागिले १४, उत्तर २.८५ आणि पुढे शेपूट. पेपरात शेपूट लिही, पण बाईंना सांग की पट्टे तीन लागतील, कारण पाऊण पट्टा कुणी खिडकीला लावत नाही. हे मिस्त्रींनी नाही सांगितलं, हे तुझंच आहे. आधी तोंडानं अंदाज, मग पेन. अंदाजाच्या जवळपास उत्तर आलं नाही तर टिंब हललं आहे असं समज आणि परत कर.

आता जे सांगायला एवढा कागद भरला, ते. मिस्त्रींनी मला पहिलं गणित घातलं ते २.५ गुणिले १.५. दुसरं कुठलंही घातलं असतं तर चाललं असतं, पण त्यांनी नेमकं हेच घातलं. पंचवीस पंधरे तीनशे पंचाहत्तर, अंक दोन, ३.७५. पावणेचार. पेन तसंच हातात राहिलं. ताई, त्या दिवशी सरांनी माझं उत्तर बरोबर दिलं नव्हतं. त्यावर ही मोठी लाल फुली मारली होती आणि खाली ३.७५ लिहिलं होतं. येताना मी ते पान फाडलं, चुरगळून गटारात टाकलं आणि घरी येऊन तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्याकडून हरणं मला सोसवलं नाही. शाळेत न जाता तुला जे आलं, ते शाळेत जाऊन मला आलं नव्हतं. तू ते खरं मानलंस, आणि दहा वर्षं स्वतःलाच ढ समजत राहिलीस. शाळेतलं अडीच वेगळं नसतं गं. तेच तुझं अडीच, तीच तुझी दीडपट. मला शिव्या दे, महिनाभर बोलू नकोस, पण सोमवारी जा. मिस्त्रींनी मला कटिंगच्या टेबलावर घेतलं आहे, त्याचे आठवड्याला दीड हजार जास्तीचे मिळतात, आणि तिथे उभं राहून अडीच आठवडे झाले. ती जागा तुझ्या डोक्यानं मिळाली, म्हणून त्यातली पैही मी ठेवत नाही. स्टीलचा चांगला टेप घे, आणि या वेळी तरी डोळे तपासून घे.

तुझाच, बारा वर्षांचा असताना खोटं बोललेला,
भाऊ

ता. क. दीड हजार गुणिले अडीच. टिंब मोजून दोनदा केलं, आणि मग तुझ्यासारखं तोंडानं. पाठवतो आहे पावणेचार हजार.