कुंपणाबाहेरचा हात

प्रिय ताई,

वकील म्हणून तू बजावलं होतंस, "मैदानाकडे फिरकलास तर केस हातची जाईल." तरी आज सकाळी पाय आपोआप तिकडे वळले. धुक्यात माझी फुटबॉलची पोरं तरंगल्यासारखी धावत होती. चेंडूचा आवाज क्षणभर उशिरा येत होता. बचावफळी फारच पुढे गेली आणि कुंपणाबाहेर माझा हात सवयीने वर झाला. फळीतली चौघंही मुकाट मागे सरकली. नवा कोच स्वतःवरच खूश झाला.

क्लबने मला काढताना कारण काय लिहिलं? 'खेळाडू प्रशिक्षकाचं ऐकत नाहीत.' डोंबलाचं! पण हे कोर्टात सांगायचं, तर मी तिथे होतो हेही सांगावं लागेल. म्हणून हे पत्र माझ्याच खिशात राहू दे.

तुझं कधीच न ऐकलेला,
धाकटा