खरकटे बफर

मंगळवार, रात्र

आज रेणूला मारलं. एवढ्या मोठ्या लेकीला. देवा, कसं मारवलं मला?

तिनं दवाखान्यासाठी लिहिलेला प्रोग्राम दर रिपोर्टाला नवं बफर घ्यायचा, म्हणजे मजकूर ठेवायचं भांडं, अन् वापरून टाकून द्यायचा. टाकलेली भांडी उचलली जाईस्तोवर कॉम्प्युटरची मेमरी भरून सगळं बंद पडायचं. म्हणून तिनं मोजकीच भांडी ठेवून तीच फिरवायला घेतली. मला बरं वाटलं, काटकसरीत माझ्यावर गेली. पण आज एका पेशंटच्या रिपोर्टाखाली दुसऱ्याचा मजकूर आला. तिचा साहेब फोनवर ओरडला, "सहापर्यंत दुरुस्त करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

तिनं तांब्या भिंतीवर हाणला. मग कपाळ टेबलावर आपटू लागली, थांबेचना. मी फाडकन थोबाडीत दिली. ओठ फुटला.

"मार आई, अजून मार!"

"आधी सांग, भांडं परत ठेवताना धुतीस का?"

तिनं पडद्याकडं पाहिलं. ओठातून रक्त. "न्हाई... नवा मजकूर लहान असला की मागं जुना उरतो."

"मग खरकटंच मांडणीत लावून राहिलीस की गं!"

रक्त न पुसताच टाइप करत बसली. पावणेसहाला रिपोर्ट नीट आले. नोकरी वाचली.

जेवताना ओठाला तिखट झोंबत होतं. मी वरणभात निववून भरवला. चुकले म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघालं नाही.