दोन वडवली आणि एक गौर

श्रावण शुद्ध ५, शके १८०७. कल्याण.

आजचा शब्द — खुरडणे! टपालकचेरीतून घरी येताच इकडून विचारणं झालं, "आज काय सापडलं?" मी म्हटलं, मीच सापडले! माजघरातून ओसरीपर्यंत खुरडत आले. आधी हसणं झालं. मग तोंड फिरवून डोळे पुसणं झालं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मार्गशीर्षात बाळंतपण झालं. बाळ राहिलं नाही, कमरेखालचं बळही राहिलं नाही. वैद्य झाले, सरकारी डॉक्टर झाला. आता चालणं नाही, म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडून होते. वडिलांनी लहानपणी अक्षरओळख करून दिली होती, ती इकडच्या लक्षात! वही आणली नि म्हणाले, चालण्याचे शब्द जमव. जिचे पाय गेले तिला हे काम! मला रागच आला. आता रोज संध्याकाळची वाट पाहते. देवा, असा नवरा दिलास, तुझे उपकार कसे फेडू?

श्रावण शुद्ध ८.

येरझारा म्हणजे येणं नि जाणं. मजल हा फारशी शब्द — एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची चाल. माझी मजल तुळशीवृंदावनापर्यंत. तीही थोडी थोडकी नव्हे!

श्रावण शुद्ध १२.

टपालात आज पुन्हा घोळ. लखोट्यावर नुसतं 'कोपर'. कोणतं कोपर? इकडचं मत असं, की खाडी वळते तिथला कोपरा, म्हणून कोपर. अशी वळणं पुष्कळ, म्हणून गावंही पुष्कळ. "मत आहे हं, पुरावा नाही." मी म्हटलं, मग टिटवाळ्याला टिटव्या असणारच. "पुरावा?" "जाऊन ऐकून या!" फार हसलो. सासूबाई आतून खाकरल्या.

श्रावण वद्य ३.

आज शब्द नाही.

त्र्यंबकमामा — सासूबाईंचे धाकटे भाऊ — आले होते. मी माजघरात आहे हे दोघं विसरली, की विसरली नव्हती, कोण जाणे. सासूबाई म्हणत होत्या, "गौर कोण आणणार रे? आमच्यात घरच्याच सवाष्णीनं आणायची. मी ही अशी बोडकी, ती तशी पांगळी. पिढ्यान्‌पिढ्यांची गौर दारात उभी ठेवू?" मामा म्हणाले, वडवलीला मुलगी आहे, बारावं सरून तेरावं लागलंय, काटक आहे. पहिली राहील की घरातच, तिला कोण काढतंय!

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी इकडे तेच सांगितलं. इकडची मान खाली, ताटातला भात तसाच. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?

सासूबाईंचा राग करू म्हटलं तरी येत नाही. चार महिने त्यांनी माझं सगळं अंथरुणातलं केलं. नाक मुरडलं नाही, चार बायकांत बोलून दाखवलं नाही. तेही खरं आणि हेही खरं.

श्रावण वद्य ११.

मामा मुलगी पाहायला गेले. मी तेरड्याच्या बिया वेचत बसले. काहीतरी करायचं म्हणून.

श्रावण वद्य १३.

मामा आले — चिखलानं माखलेले, तापलेले! आंबिवलीजवळच्या वडवलीला जाऊन बसले होते. तिथं मुलीच्या बापाच्या नावाचे गृहस्थच नाहीत! मुलगी आहे घोडबंदरकडच्या वडवलीची. गौरीच्या आत आता काही जमत नाही.

इकडून गंभीर चेहऱ्यानं सांगणं झालं, "वडाची झाडं असतील तितक्या वडवली असायच्या, मामा." मी पदर तोंडात कोंबला. ज्यानं कुणी दोन गावांना एक नाव दिलं, त्याचं भलं होवो! पण इकडे दोन्ही वडवली ठाऊक होत्या. मामांना निघताना सांगितलं का नाही? विचारलं नाही. विचारायचीही नाही.

भाद्रपद शुद्ध ७.



घरकामाच्या शेवंतीनं पहाटेच खाडीकडून तेरडा आणून दिला. "वैनी, यंदा गवर कोन आननार?" मी म्हटलं, मी. सासूबाईंनी ऐकलं.

दुपारी तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली, बसल्या बसल्या, पुढे सरकत. शेजारच्या जयावहिनी नि आणखी दोघी-तिघी जमल्या. सासूबाई रीतीप्रमाणे आतल्या दाराआड. मी तुळशीपाशी तेरडा छातीशी धरला. एका हातानं खुरडत निघायचं ठरवलं होतं. पहिल्या पावलावरच लुगड्यानं कुंकू पुसलं! कुणीतरी च्‌ च्‌ केलं.

तेवढ्यात इकडची स्वारी विहिरीवरून ओलेत्यानं आली. सगळ्यांदेखत मला उचललं! दिवसाढवळ्या! बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हलकं हलकंही. एकेक पाऊल कुंकवाच्या पावलावर जपून टाकत इकडून चालणं झालं.

उंबरठ्याशी थांबलो. कुणी पुसेना. रीतीचा प्रश्न सवाष्णीनं विचारायचा, पण जयावहिनींची दातखीळ बसलेली. आणि आतल्या दाराआडून आवाज आला — सासूबाईंचा! मामंजी गेल्यापासून गौरीच्या वेळी ज्या कधी बोलल्या नाहीत, त्या!

"गौर आली, कशाच्या पावलांनी?"

'सोन्याच्या' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या लेकाच्या!"

मग आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. हसू की रडू, दारामुळे कळलं नाही. म्हणाल्या, "ये, आत ये. उदंड आहे."

भाद्रपद शुद्ध ८.

पूजा झाली. घावनं मीच घातली, बसून. दोन करपली.

भाद्रपद शुद्ध ११.

मामा आले, या खेपेला खऱ्या वडवलीहून. मुलगी पसंत, पत्रिका जुळते, बाप तयार. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला नि म्हणाल्या, "पोर चांगली आहे ना? मग ती पहिली म्हणून जाईल असं घर बघून दे, त्र्यंबका. आमच्या घरात सून आहे."