चौथा मजला पुन्हा बोलतोय

१२ जून

ती. ताई,

माझं अक्षर बघून तू आधी दचकली असशील, कुणी गेलं-बिलं तर नाही ना म्हणून. कुणी गेलेलं नाही. आम्ही सगळे धडधाकट आहोत. ही तुला नमस्कार सांगते आणि भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी करते.

फोन का उचलत नाहीस म्हणून तू मेसेजवर मेसेज टाकून मला झापते आहेस. अगं, दिवसभर मी लिफ्ट दुरुस्त करत तिच्या खड्ड्यात असतो, तिथे रेंज नाही. घरी आलो की सराव. शिवाय फोनचा स्पीकर धड नाही. म्हटलं, सरळ लिहावं. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हाही एक फायदाच.

बातमी अशी की आमचा ‘चौथा मजला’ बँड पुन्हा उभा राहतोय. आणि कसा? तर अगदी सुरुवातीला होता तसा! आपल्या जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्यात, आम्ही तिघं अड्डा जमवायचो, आठवतं? आमचा तो तबकड्या दोन टर्नटेबलं मांडून रेकॉर्ड पुढेमागे खरवडायचा, हुज्जत घालते म्हणून जिला सगळे वकीलबाई म्हणायचे ती आणि मी माइक घेऊन त्यावर बोलायचो. गाणं नव्हतंच ते. बोलणं होतं, तालात आणि यमकात, एकमेकांच्या तोंडचं वाक्य पळवत. आई म्हणायची, “शिव्या नाहीत म्हणून, नाहीतर हे भांडणच.”

मग रेकॉर्ड कंपनी आली. व्हायोलिनं आली, मागे नाचणारी पोरं आली, आणि माझं ते खिडकीचं गाणं आलं. त्यातली वरच्या पट्टीतली ओळ मी ताणायचो आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. नाव झालं, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर आम्ही रॅप करणारे कमी आणि लग्नातला वाद्यवृंद जास्त झालो.

गेल्या महिन्यात सहज तबकड्याच्या दुकानात गेलो होतो. तो अजून मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. वकीलबाईही आलेली, जेवणाच्या सुट्टीत. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून तिची जीभ आता आणखी धारदार झाली आहे. तबकड्याने काउंटरखालून जुनं टर्नटेबल काढलं, नुसत्या ढोलाची रेकॉर्ड लावली, बाकी काही नाही. बाई उभ्याउभ्या सुरू झाली:

“काच पुसते जगाची, नजर माझी साफ,
वय विचारलंत दादा, एकदा करते माफ!”

माझ्या तोंडून आपोआप निघालं:

“खड्ड्यात उभा राहून वर नेतो गाव,
बटण दाबणाऱ्याला कुठे ठाऊक माझं नाव!”

फळीवरचे मिक्सर थरथरायला लागले. इस्त्री घ्यायला आलेल्या एक आजीबाई दारातच थांबल्या आणि मान डोलवायला लागल्या. तबकड्या म्हणाला, “हेच. फक्त हेच करायचं.”

तर आता गाणं बंद, बोलणं सुरू. कारणं पुष्कळ आहेत. लोकांना गोडाचा कंटाळा आलाय. व्हायोलिनवाल्यांचे नखरे परवडत नाहीत. आणि पन्नाशीनंतर माणसाने प्रेमभंगाची गाणी गाऊ नयेत, बरं दिसत नाही. झालंच तर, मुळाकडे परत जाणं कधीही चांगलंच. एवढी कारणं पुरे ना?

ही समोर गरम पाण्याचा पेला घेऊन उभी आहे. प्यायलो नाही तर बोलणी खावी लागतील. थांबतो.

तुझा,
भोंगा

ता. क. : रविवारचा फोन काही दिवस राहू दे. मी लिहीत जाईन.


३ ऑगस्ट

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. ‘फोनचा स्पीकर बिघडला असेल तर दुसरा फोन घे, एवढाही भिकेला लागला नाहीस’ हे वाचून ही हसली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आता तरी सांगा.” सांगतो. पण क्रमाने सांगू दे.

कंपनीच्या साहेबाने बोलावलं होतं. आम्ही जुन्या ढंगावर परतलोय हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. म्हणाला, झकास कल्पना आहे, मोठा कार्यक्रम करू, जुना ढंग म्हणूनच जाहिरात करू. फक्त शेवटी खिडकीचं गाणं हवं. त्याशिवाय तिकिटं कोण घेणार?

वकीलबाई म्हणाली, “ते गाणं आता होणार नाही.”

“मला माहीत आहे,” साहेब म्हणाला. “सोय केली आहे. ऐका.”

त्याने बटण दाबलं. ताई, मी गात होतो. पंचविशीतला मी. पण शब्द नवे होते, मी जन्मात कधी न गायलेले. जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने माझा आवाज शिकून घेतला होता. वरची पट्टी कशी स्वच्छ, मधे श्वाससुद्धा माझाच. माझ्या हातावर काटा आला.

“आणि हा माणूस तेव्हा स्टेजवर काय करणार?” बाईने विचारलं. “तोंड हलवणार?”

“हल्ली सगळेच हलवतात.”

मला वाटलं तबकड्या उठून जाईल. पण तो खाली बघत म्हणाला, “भोंग्या, लोक त्या आवाजासाठी येतात. चोरी थोडीच आहे? तुझाच आहे.” बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की समोर इस्त्री असती तर तापली असती.

आता खरं ते. आवाज गेला आहे, ताई. फेब्रुवारीत गळ्याचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, गाठ साधी निघाली, कागद हिच्याजवळ आहेत, आल्यावर चष्मा लावून सगळे वाच. पण एक स्वरतंतू कडक झालाय. डॉक्टर म्हणाले, “बोलाल, ओरडाल, भांडालसुद्धा. गाता येणार नाही.” जे उरलंय ते खरखरीत आहे, पत्र्यावरून खुर्ची ओढल्यासारखं. मागच्या पत्रातली ती सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांच्या आधीचं कारण हे.

मग तुला का नाही सांगितलं? ऑपरेशनला तू धावत आली असतीस, रडली असतीस, सगळं झालं असतं. ते मला चाललं असतं. पण आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, “रविवारी फोन करत जा रे, निदान आवाज तरी ऐकू येईल.” कुणाचा, ते तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आईचा गळा माझ्यात उतरला होता हे आपल्या दोघांना ठाऊक होतं. कितीदा तरी मी ‘हॅलो’ म्हटल्यावर तू क्षणभर गप्प व्हायचीस. तो आवाज गेला हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि सांगायचा तर कोणत्या आवाजात?

म्हणून त्या दिवशी मी एक गोष्ट केली. साहेबाला म्हटलं, “हे यंत्र साधं बोलतं का? मी सांगेन ते?”

“काहीही बोलेल.”

“मग म्हणायला सांगा, ताई, कशी आहेस?”

यंत्र म्हणालं, “ताई, कशी आहेस?” हुबेहूब. ‘ताई’वर तो हलका हेलकावासुद्धा. मनात आलं, रविवारी हेच लावून द्यावं. तुला कळणारही नाही. तू खूश, मी मोकळा.

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तोच हेलकावा, तसूभरही इकडेतिकडे नाही. आणि तेव्हा कळलं. त्या आवाजाला तू कशी आहेस याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. भाऊजींचा गुडघा दुखतोय म्हणालीस तरी तो त्याच सुरात राहिला असता.

मी उठलो. माझ्या आत्ताच्या, या पत्र्याच्या आवाजात साहेबाला म्हटलं, “ते पुसून टाका. कार्यक्रम आम्ही आमचा करू.”

साहेब म्हणाला, “या आवाजात?”

“ह्याच.”

बाई टाळी वाजवायला लागली. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर तबकड्या म्हणाला, “मी गाढव आहे.” बाई म्हणाली, “ते आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. ढोल कोणता लावणार ते सांग.”

शाळेचा व्यायामहॉल मिळालाय. सप्टेंबरातला शनिवार, संध्याकाळी. मी घाबरलेलो नाही, ताई. लिफ्टच्या खड्ड्यात एकटा असलो की नव्या ओळी म्हणून बघतो, आणि भिंती असं काही उत्तर देतात, जे त्या गोड गळ्याला कधी दिलं नव्हतं. हा आवाज गाण्याला नालायक आहे. बोलायला मात्र पहिल्या दर्जाचा आहे.

आता तू फोन केलास तर उचलीन.

तुझा,
भोंगा


२२ सप्टेंबर

ती. ताई,

त्या दिवशी फोनवर आपण दोघंही धड बोललो नाही, म्हणून हे पुन्हा लिहितो. शिवाय कार्यक्रमाचं सविस्तर हवं म्हणालीस.

आधी फोनचं. मी ‘हॅलो’ म्हटलं. तू म्हणालीस, “कोण बोलतंय?” मी म्हटलं, “मी.” मग तू म्हणालीस, “परत बोल.” मी म्हटलं, “काय बोलू?” आणि तू एकदम रडायला लागलीस. हीसुद्धा घाबरून जवळ आली. तू रडता रडता म्हणालीस, “अरे मेल्या, हा तर बाबांचा आवाज!”

खरं सांगू? त्या रात्री मला झोप नाही आली. बाबा गेले तेव्हा मी रांगत होतो. त्यांचा एक फोटो माहीत आहे, त्यात ते गप्प आहेत. जुन्या सामानाच्या बाजारात लिलाव पुकारायचे, एवढंच आईने सांगितलेलं, तेही चारचौघांत सांगायची नाही. ते पुकारायचे कसे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तू, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, फोनवर घसा खरवडून म्हणून दाखवलंस:

“पाय आहेत चार, सोसलाय भार,
बसा की सरकार, खुर्ची एक वार!”

आणि ‘एक वार’वर ते हात आपटायचे म्हणालीस. पाठोपाठ भाऊजींचा आवाज आला, “काय आपटतेयस?” मी इकडे हसून हसून खोकलो. अगं, हा रॅप आहे! आमच्या आधी कितीतरी वर्षं, रिकाम्या खोक्यावर उभं राहून, माइकशिवाय!

आता शनिवारचं. हॉल भरला नव्हता, पण रिकामाही नव्हता. पुढे आमच्या वयाचे, गुडघे सांभाळत खुर्च्यांवर बसलेले. मागे तरुण मंडळी, हाताची घडी घालून, बघू या म्हातारे काय करतात अशा चेहऱ्याची. पहिली रेकॉर्ड तबकड्याने खरवडली आणि ढोल सुरू झाला. बाईने पहिल्या दोन ओळींत मागच्यांच्या हाताच्या घड्या सोडवल्या.

अर्ध्यावर एक गृहस्थ ओरडले, “खिडकी! खिडकी!” मग चार-पाच जण. मग बरेच. बाईने माझ्याकडे पाहिलं. तबकड्याने ढोल थांबवला. ही बाजूला उभी होती, तिने पदर तोंडावर धरला.

मी माइक घेतला. म्हटलं, “ते गाणं गाणारा गळा डॉक्टरांनी काढून घेतला. तो परत येणार नाही. ज्यांना तोच हवा असेल त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे, ती चांगली आहे, घरी ऐका. इथे जो उभा आहे तो बोलतो.”

काही लोक निघाले. खोटं कशाला सांगू. खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. ते गृहस्थही निघाले. तर मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि पुकारलं, “पाय आहेत चार!” तबकड्याला आधी सांगितलेलं नव्हतं, पण त्याने नेमका ढोल पकडला. “सोसलाय भार! बसा की सरकार...” आणि बाईने पाय आपटला, “एक वार!” दुसऱ्यांदा मागची तरुण मंडळी आपटायला लागली. ‘दोन वार’ला हॉलच्या खिडक्या वाजल्या. ते गृहस्थ दारात थांबले, थोडे लाजले, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसले. काय टाळ्या पडल्या त्यांना! आमच्यापेक्षा जास्त.

मग पुढे तासभर आम्ही न थांबता बोलत राहिलो. खड्ड्याच्या ओळी म्हटल्या, चष्म्याच्या म्हटल्या, ऑपरेशनच्यासुद्धा. माझा आवाज शेवटी पार फाटला होता, आणि फाटल्यावर आणखी चांगला लागला. बाई म्हणाली, इतकी वर्षं तिला वाटत होतं आपण एका गायकाच्या शेजारी उभ्या आहोत, आज पहिल्यांदा जोडीदार मिळाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच हॉल घेतला आहे. तू आणि भाऊजी यायचंच. पुढच्या रांगेत, आणि हात आपटायची तयारी ठेवून.

आईचा आवाज मी तुला परत देऊ शकत नाही, ताई. तो माझ्यापाशीही उधारच होता. पण मला एक सांग. बाबा बाजारातून घरी आल्यावर, पुकारून पुकारून घसा बसलेला असताना, दारातून तुला हाक कशी मारायचे? काय म्हणायचे? पुढच्या फोनला आठवून ठेव. कुठे जोर द्यायचा, कुठे थांबायचं, सगळं नीट सांग. दोनदा म्हणायला लाव, चुकलो तर रागाव.

मग मी तुला तशी हाक मारीन.

वयाने तुझा धाकटा, आवाजाने तुझा थोरला,
भोंगा